नाचणी, कुळीथ आणि मुंबईहून आलेला डबा

गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा पिशवीत आईवडिलांसाठी एखादा डबा असतोच. शेवग्याच्या पाल्याच्या गोळ्या, हळदीच्या कॅप्सूल, प्रोटीन पावडर. मायेने आणलेलं म्हणून बिनतक्रार घेतलंही जातं. पण मधुमेह, रक्तदाब, किडनीचा आजार असलेल्यांनी तो लगेच उघडू नये.

आधी किडनीचं, कारण धोका तिथे मोठा. किडनी मंदावली की पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही ते वाढतं. शेवग्याच्या ओल्या पाल्याची भाजी माणूस वाटीभर खाऊन थांबतो. सुकवून दळलेल्या पाल्यात मात्र तेच पोटॅशियम कित्येक पटीने दाटलेलं असतं. शहाळ्याचंही तसंच. एका शहाळ्याच्या पाण्यातून ५००-७०० मिलिग्रॅम पोटॅशियम सहज पोटात जातं. ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून विकतात त्यात तर पोटॅशियम क्लोराइडच असतं.

अशा घरात कुळीथ करायचा तर रात्रभर भिजवून ते पाणी ओतायचं, भरपूर पाण्यात शिजवायचं आणि तेही पाणी ओतून द्यायचं. चुकतं ते इथेच: ते पाणी म्हणजे कळण, आणि टाकायला जीव होत नाही म्हणून त्याचं सार होतं. काढलेलं सगळं पोटॅशियम त्या सारात परत येतं. पिठी तर पिठाचीच, तिच्यातून काही निथळून काढता येत नाही. पोटॅशियम वाढलेल्या माणसाला पिठी नको.

किडनी ठीक असेल तर कॅल्शियमसाठी नाचणीला तोड नाही. दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. ते सगळं अंगी लागत नाही, दाण्यातलंच फायटेट नावाचं द्रव्य ते अडवतं. मोड आणले की फायटेट कमी होतं. नाचणी रात्रभर भिजवा, निथळा, ओल्या सुती फडक्यात सैल बांधा, मधूनमधून पाण्याचा हबका मारा. एक-दीड दिवसात बारीक पांढरे कोंब दिसतील. मग कडक उन्हात वाळवून, हलकी भाजून दळा. हे काम एप्रिल-मेमधलं किंवा दसऱ्यानंतरचं. जुलैत आपल्याकडे वाळवण होत नाही, दाण्याच्या पोटात ओल राहते आणि बुरशी धरते. कुबट वास आला तर पीठ फेकून द्या, पुन्हा भाजून ते खाण्याजोगं होत नाही. मधुमेह असेल तर भाकरी खा. गाळलेल्या सत्त्वात कोंडा उरत नाही आणि साखर झरकन चढते.

रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर पावसाळी टाकळा, शेवग्याचा पाला एकदम भरपूर खाऊ नका. दर आठवड्याला पालेभाजी साधारण सारख्याच प्रमाणात ठेवा, नाहीतर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, खालीवर होतो.

वनस्पतीतला एखादा घटक वेगळा काढला की तो तसाच वागेल असं नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना गाजरात असतं ते बीटा-कॅरोटीन गोळीतून रोज २० मिलिग्रॅम दिलं होतं. १९९४ साली निकाल आला तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग उलट १८ टक्क्यांनी जास्त निघाला. कोकमाच्याच कुळातल्या गार्सिनियाच्या, वजन उतरवण्याच्या कॅप्सूलनी यकृत बिघडल्याचीही उदाहरणं नोंदली गेली आहेत. आमसुलाच्या साराशी त्यांची तुलनाच होत नाही.

पण गोळी हवीच तिथे ती टाळूही नये. वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांचं बी-१२ घटतं आणि ते कुठल्याच भाजीत नाही. बांगडा-तारली खाणाऱ्यांना ते चांगलं मिळतं, शाकाहारी माणसाला दूध-दह्याखेरीज आधार नाही. पायाला मुंग्या आल्या की ‘साखरेमुळे’ म्हणून सोडून देतात. त्याआधी बी-१२ तपासून घ्या. कमी निघालं तर डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा इंजेक्शन घ्यायलाच हवं.

डॉक्टरांकडे जाताना डबाच सोबत न्या, नुसतं नाव सांगू नका. मागच्या बारीक अक्षरांत प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम आहे ते त्यांना पाहू द्या. थायरॉइडची गोळी चालू असेल तर कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी.