यूची छाटण

यू हे युरोपातलं सदाहरित, विषारी झाड. त्याची हेज, म्हणजे कापून राखलेलं जिवंत कुंपण, कापायची ती ऑगस्टमध्ये. तोवर पक्ष्यांची बहुतेक घरटी रिकामी होतात, वाढ मंदावते, आणि एकदा दोरी धरून नीट कापलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कडा सरळ राहतात. मी इंग्लंडात ग्लॉस्टरशरमधल्या एका जुन्या बागेत माळीकाम करतो. यूची छाटण आम्ही एरवी जाळून टाकायचो. त्या दिवशी मात्र ती न्यायला संध्याकाळी गाडी येणार होती, कॅन्सरच्या औषधासाठी.

त्यामुळे कामाची रीतच बदलली. औषधाला चालते ती फक्त यंदाची कोवळी, हिरवी फूट. जाड काडी, माती, दुसऱ्या झाडाचा पाला काही चालत नाही. म्हणून यंत्र सुरू करण्याआधी हेजमध्ये शिरलेली आयव्हीची वेल हातानं ओढून काढली, खालचा पाचोळा झाडला आणि मग ताडपत्र्या अंथरल्या. मागच्या बाजूची हेज दोन वर्षं कापलेली नव्हती, तिचा माल जाड निघाला असता. ती बाजूला ठेवली.

दुपारी आमच्या हेडमाळ्याची आरोळी ऐकू आली. शेजारच्या कुरणातल्या घोड्यानं तारेवरून मान लांबवली होती आणि ताडपत्रीचं टोक त्याच्या तोंडापासून हातभरही लांब नव्हतं. आम्ही दोघांनी ताडपत्री मागे खेचली, तारेपलीकडे उडालेली पानं एकेक करून वेचली आणि घोड्याच्या मालकिणीला बोलावून त्याचं तोंड तपासायला लावलं. पान सापडलं नाही, तरी ती बराच वेळ त्याच्यापाशी थांबली. यूमधलं टॅक्सिन नावाचं विष थेट हृदयावर घाव घालतं. थोडासा पाला पोटात गेला तरी घोडा उभ्याचा कोसळतो आणि त्यावर उतारा नाही. पाला वाळला तरी विष जात नाही. छाटण कुंपणापलीकडे भिरकावणाऱ्या माणसाच्या हाती यंत्र देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानंतर आम्हाला घाई होती ती उष्णतेची. ओली छाटण ढीग करून ठेवली की शेणखताच्या उकिरड्यासारखी आतून तापते आणि माल खराब होतो. आम्ही ती सावलीत पातळ पसरली, अधूनमधून उलटवत राहिलो. गाडीवाल्यानं आल्याआल्या कोपरापर्यंत हात आत घातला, मूठभर पाला बाहेर काढून उजेडात धरला, दोन जाड काड्या वेचून फेकल्या आणि मान डोलावली.

भरता भरता सोबतच्या शिकाऊ पोरानं विचारलं, ‘‘याचं औषध होतं हे शोधलं कोणी?’’ मला त्याला सांगायला मनापासून आनंद झाला, कारण त्यातले एक आमच्या नंदुरबारचे. मनसुख वाणी यांचा जन्म तिथे 1925 साली झाला. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी तिथल्या पॅसिफिक यूच्या सालीतून टॅक्सॉल हे औषधी द्रव्य वेगळं केलं आणि 1971 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी ते अमेरिकेत 1992 मध्ये मंजूर झालं. पेशी दुभंगताना तिच्या आतल्या सूक्ष्म नळ्या हे औषध गोठवून टाकतं आणि विभाजन तिथेच अडकतं. पण साल सोलली की झाड मरायचं, आणि यू वाढतो फार सावकाश. फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटानं युरोपीय यूच्या पानांतला एक घटक घेऊन त्यापासून औषध बनवायची वाट काढली. पानं दरवर्षी नवी येतात, झाड जिवंत राहतं. म्हणून तर आमच्या हेजच्या छाटणीला किंमत.

पोरगा ऐकत होता आणि हातातली काडी निरखत होता. मग त्यानं स्वतःहून गाडीवर चढून राहिलेली आयव्हीची पानं वेचली.

गाडी गेल्यावर मी हेडमाळ्याला म्हटलं, ‘‘मागची हेज याच आठवड्यात कापून टाकू. हा माल जाळू, पण पुढच्या ऑगस्टला तिथेही कोवळी फूट मिळेल.’’ तो लगेच हो म्हणाला.