हायड्रोजेलची पट्टी, ठाण्याची हवा आणि मॉडेलची अचूकता

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारं मऊ जेल. बोटावर लावलेली त्याची पट्टी बोट वाकलं की ताणते आणि तिचा विद्युत रोध बदलतो. त्या बदलावरून बोट किती वाकलं हे ओळखायचं असेल, तर मशीन लर्निंगचं मॉडेल निवडण्यात फार वेळ घालवू नका. रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवरून उत्तर देणारं मॉडेल) पुरतं. कस लागतो तो पट्टीचा. ठाणे-नवी मुंबईत जुलैत आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते तेव्हा ती पट्टी पाणी शोषते, आणि एसीच्या खोलीत सुकते.

10 ग्रॅम पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, ज्याचं जेल बनतं ती पावडर) 70 मिली गार डिस्टिल्ड पाण्यात ढवळत भुरभुरवा. थेट गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. झाकण ठेवून 90 ते 95 अंशांवर द्रावण नितळ होईपर्यंत ढवळा, मग 20 मिली ग्लिसरीन आणि 2 ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड घाला. बुडबुडे वर आले की 2 मिमी जाडीच्या साच्यात ओता. फ्रीझरमध्ये 12 तास, बाहेर 4 तास, असं तीन वेळा. ग्लिसरीनमुळे पट्टी सुकत नाही म्हणून ते पाण्याइतकं घालावंसं वाटतं, पण मग गोठणबिंदू घरगुती फ्रीझरच्या उणे 18 अंशांच्याही खाली जातो आणि जेल धरतच नाही.

40 मिमी लांब, 8 मिमी रुंद पट्टी कापा. टोकांना कार्बन कापड लावा. तांब्याची टेप क्लोराइडमुळे हिरवी पडते. डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, लावू नका: मिठाचे आयन (विद्युतभारित कण) टोकांच्या इलेक्ट्रोडपाशी साचतात आणि बोट स्थिर असूनही आकडा सरकत राहतो. ईएसपी32 या मायक्रोकंट्रोलर चिपच्या दोन पिना आलटून पालटून हाय-लो करून दिशा उलटत राहा. मालिकेतला रेझिस्टर पट्टीच्या रोधाच्या जवळपासचा घ्या, कारण या चिपचा एडीसी (व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग) मापनाच्या दोन्ही टोकांना सरळ चालत नाही.

आता एक तपासणी, जी बरेच जण वगळतात. आयनिक जेल ताणलं की ते लांब होतं आणि बारीकही होतं, म्हणून रोध लांबीच्या वर्गाने वाढतो. 20 टक्के ताणला 44 टक्के वाढ हवी. बरीच कमी आली तर पट्टी टोकाशी घसरतेय.

तापमानाचा हिशेबही मांडा. एका अंशाला रोध साधारण 2 टक्के बदलतो. 24 अंशांच्या एसी खोलीतून 32 अंशांच्या गॅलरीत आलं की सुमारे 16 टक्के फरक, म्हणजे बोट अर्धवट वाकल्याइतका! पट्टीशेजारी थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) हवाच, आणि त्याचं रीडिंग मॉडेलला द्या. पट्टीचं वजनही रोज 0.01 ग्रॅमपर्यंत नोंदवा. वजन घटतंय आणि रोध वाढतोय, तर पाणी निसटतंय, दोष पट्टीच्या कडा बंद करणाऱ्या सीलिंगचा.

डेटा 50 हर्ट्झने (सेकंदाला 50 रीडिंग), एक सेकंदाच्या विंडोत, म्हणजे तुकड्यांत, निम्म्या ओव्हरलॅपने घ्या. सुरुवातीला हात स्थिर ठेवून मूळ रोध मोजा आणि पुढे त्याच्या प्रमाणातला बदलच वापरा. कमाल-किमान फरक, प्रमाण विचलन आणि उताराची दिशा (रोध वाढतोय की घटतोय) ही वैशिष्ट्यं मॉडेलला पुरेशी आहेत. उतार महत्त्वाचा, कारण ताणताना आणि सोडताना पट्टीचा मार्ग वेगळा असतो.

सगळ्यात मोठी फसवणूक ट्रेनिंग-टेस्टिंगच्या वाटणीत होते. शेजारच्या विंडोंमध्ये निम्मे बिंदू समान असतात. त्या रँडम वाटल्या की मॉडेलने उत्तरपत्रिका आधीच पाहिलेली असते. वाटणी दिवसानुसार करा, आणि शेवटची टेस्ट वेगळ्या बॅचच्या पट्टीवर. तिथे अचूकता कोसळली तर आधी वजनाची वही उघडा, मॉडेलला नंतर हात लावा.