सहा महिन्यांचं इंजेक्शन

मागच्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात पाय घसरला. शेवटच्या तीन पायऱ्या, तेवढ्यानं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. एकसष्टाव्या वर्षी एवढ्याशा पडण्यानं हाड का मोडावं, हे मात्र एकाही डॉक्टरांनी विचारलं नाही.

शेजारच्या वहिनी मला मोफत हाडांच्या शिबिराला घेऊन गेल्या. तिथे टाचेला मशीन लावलं आणि अठराशे रुपयांची पावडर गळ्यात मारली. टाचेच्या तपासणीवर निदान पक्कं करत नाहीत, त्यासाठी कंबर आणि खुब्याचा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, लागतो, हे नंतर कळलं. त्याचे तीन हजार. मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे 3.1. उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

मग मोठ्या डॉक्टरांची बाराशे फी. रिपोर्टवर नजर टाकून म्हणाले, "दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. आज घेऊन टाका." औषधाचं नाव डेनोसुमॅब. रक्तातलं कॅल्शियम पाहिलं नाही, दातांचं विचारलं नाही. पेन्शनमधून अकरा हजार मोजले.

सहा महिने झाले आणि ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. म्हटलं, माझं इंजेक्शन राहू दे दिवाळीपर्यंत. चालणार नाही असं कुणी सांगितलंच नव्हतं.

योगायोगानं नणंदेबरोबर मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात गेले. पहाटेची लोकल, केसपेपरची रांग, दुपारी एकला नंबर. तिथली तरुण डॉक्टर मुलगी माझा कागद बघून ताठ बसली. "मावशी, शेवटचं इंजेक्शन कधी?" सातवा महिना संपायला आठ दिवस होते. ती म्हणाली, हे औषध मध्येच सोडलं की कमावलेलं हाड भराभर उतरतं, मणके एकामागोमाग पिचू शकतात. थांबवायचंच तर त्याच्या जागी दुसरं औषध द्यावं लागतं. मला रडू आलं. अकरा हजार घेणाऱ्याला हे एक वाक्य बोलता येऊ नये?

तिनं किडनी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व तपासायला लावलं. आईचा खुबा मोडला होता का, हेही विचारलं. मोडला होता. त्या दुसऱ्या औषधासाठी आठवड्याची अॅलेंड्रोनेटची गोळी कितीतरी स्वस्त, पण उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही. माझं पित्त बघता तिनं वर्षातून एकदा द्यायचं झोलेड्रोनिक अॅसिडचं सलाईन निवडलं. ते त्याच आठवड्यात लागलं.

पुढची तारीख तिनं केसपेपरवर ठळक लिहून दिली आहे. परवा वहिनींना डेक्साला नेतेय. त्यांच्या पिशवीत अजून तीच पावडर आहे.