लॅब्रॅडॉर, मुधोळ आणि लिंबाखालची ओल

सोलापुरात होटगी रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेल्या एका बंगल्याचं अंगण साफ ठेवायचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा घरातल्या दोन कुत्र्यांपैकी बाईंचं बोट थेट लॅब्रॅडॉरकडे होतं. "मुधोळचं काहीच नाही हो, तो कुठं करतो ते दिसतसुद्धा नाही. सगळी घाण हिचीच." लॅब्रॅडॉर चार वर्षांची मादी, वजन 31 किलो. मुधोळ, म्हणजे कर्नाटकातल्या मुधोळकडचा सडपातळ शिकारी कुत्रा, तीन वर्षांचा नर, 24 किलो. पुढं शहाबादी फरशी, मधे हिरवळीचा तुकडा आणि मागं काळ्या मातीत शेवगा, अळू, लिंबू.

"दिसत नाही" हे ऐकूनच खटकलं. 24 किलोचं जनावर दोन वेळा पोटभर खातं, म्हणजे त्याचं कुठंतरी पडणारच.

आठ दिवस दोघांचं वेगवेगळं उचलून ताणकाट्यावर तोललं. लॅब्रॅडॉरचं दिवसाला 340 ग्रॅमच्या आसपास, मुधोळचं जेवढं सापडलं तेवढंच एकदाही 500च्या खाली आलं नाही. कारण जातीत नव्हतं, ताटात होतं. तिला पाकिटातला कोरडा खुराक मोजून मिळायचा. त्याला ज्वारीच्या तीन भाकरी दुधात कुस्करून. भाकरीतला कोंडा पचत नाही, तो पाणी धरून बाहेर पडतो, आणि दूध न सोसणाऱ्या कुत्र्याचं शौच त्यात सैल होतं. सोलापुरात भाकरीवर वाढलेली धडधाकट कुत्री हवी तेवढी आहेत, त्यामुळे भाकरी बंद करा असं आम्ही सांगत नाही. उचलायला काय पडणार याचा अंदाज मात्र आधी ताट बघूनच बांधावा. हीच लॅब्रॅडॉर हाताला येईल ते खाऊ लागली असती, आणि या जातीला ती सवय पटकन लागते, तर आकडे उलटे झाले असते.

खरा फरक जागेचा. लॅब्रॅडॉर दार उघडलं की पहिल्या मऊ गवतावर बसते, उघड्यावर, उन्हात. मुधोळ लाजरा. माणसाची नजर चुकवून कुंपणाकडेनं पळत जातो आणि आडोशाला बसतो. नवव्या दिवशी सकाळी लिंबाच्या आळ्यात वाकून बघितलं तर चौदा ठिकाणी सापडलं. ताजं दोनच, बाकीचं फुटून मातीत मिसळलेलं. काळ्या मातीच्या भेगांत गेलेलं तर खुरप्यानं उकरल्याशिवाय कळतही नव्हतं.

आम्ही उकरत असताना माळीमामा जवळ आले आणि डावं पाऊल पुढं केलं. घोट्याच्या खाली लाल, उंचावलेली, नागमोडी रेघ. "ताई, ही रोज थोडी पुढं सरकते बघा. रात्री खाजेनं झोप नाही." मामा लिंबाच्या आळ्याला पाणी घालताना चप्पल बाहेर काढून ठेवायचे. त्याच दुपारी त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि दोन्ही कुत्र्यांच्या शौचाचे ताजे नमुने जनावरांच्या डॉक्टरांकडे दिले. मामांच्या पायात कुत्र्यांच्या अंकुशकृमीची, म्हणजे आतड्याला चिकटून राहणाऱ्या जंताची, अळी असल्याचं निदान झालं, आणि मुधोळच्या नमुन्यात त्याच कृमीची अंडी.

हे असं घडतं: अंडी शौचातून पडतात, ओलसर उबदार मातीत एक-दोन दिवसांत फुटतात आणि साधारण आठवड्याभरात अळी कातडीतून शिरण्याजोगी होते. कडक ऊन आणि कोरडी माती तिला मारते. म्हणून लॅब्रॅडॉरचं डोळ्यांत खुपणारं शौच आपल्या उन्हात निम्मं निरुपद्रवी होत होतं, आणि लिंबाची सावली, रोजचं पाणी नि न उचललेलं शौच मिळून अळ्यांची रोपवाटिका तयार झाली होती. रोजच्या रोज उचललं तर ही साखळी तिथंच तुटते. कुत्र्यांच्या पोटातला दुसरा जंत, गोलकृमी, त्याचंही तसंच. त्याच्या अंड्यांना रोगकारक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, पण एकदा मातीत गेली की वर्षानुवर्षं टिकतात.

आळ्यातली वरची तीन इंच माती काढून पिशव्यांत बांधली, खालच्या फांद्या छाटून ऊन आत घेतलं, आठ दिवस पाणी फक्त खोडाच्या दुसऱ्या बाजूला. मामांना गमबूट. दोन्ही कुत्र्यांना डॉक्टरांनी वजनानुसार जंताचं औषध दिलं.

उचलायची वेळ सकाळी आठच्या आत. उशीर झाला की उन्हानं वाळून भुगा होतो आणि सुपडीत येत नाही. सैल असेल तर वर मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा, दोन मिनिटांनी कडेनं खुरपं सारायचं. अंगण पट्ट्यापट्ट्यानं चालायचं, पेरणीचे तास धरतात तसं, नाहीतर कोपरे राहतातच. पाइपनं धुऊन गटारात लोटणं तर नकोच: पाणी वाया जातं, आणि धुतल्यानं घाण पसरते. पिशवी घट्ट बांधून घंटागाडीत. अळू-शेवग्याच्या खतात हे टाकू नये, घरच्या ढिगाऱ्याची उष्णता गोलकृमीची अंडी मारण्याइतकी टिकत नाही.

लघवीचा हिशोब वेगळा. लॅब्रॅडॉर एका जागी बसून सगळी सोडते, त्यातल्या नत्रानं गवत मधे जळतं नि कडेनं गर्द हिरवं होतं. लगेच दोन तांबे पाणी ओतलं की जळत नाही. मुधोळ खांब, टायर, तुळशीवृंदावन, सगळीकडे थोडी थोडी शिंपडतो. शहाबादीवर अ‍ॅसिड कधीच ओतू नये, तो चुन्याचा दगड आहे, फेसाळून खरबरीत होतो आणि मग वास जास्तच धरतो. ब्लीचिंग पावडर वापरायची तर आधी लघवी पाण्यानं काढून, कारण दोन्ही एकत्र आले की छातीला झोंबणारा वायू सुटतो.

केसांचं म्हणाल तर लॅब्रॅडॉरच्या दोन थरांच्या दाट केसांनी मोरीची जाळी आठवड्यात तुंबते. मुधोळचं फारसं काही नाही.

मुधोळसाठी मागच्या भिंतीशी, उन्हात, सहा बाय सहा फुटांची जागा केली. खाली चार इंच मुरूम, वर वाळू. त्याचंच थोडं शौच तिथं ठेवलं. खाल्ल्यावर वीस मिनिटांनी लांब दोरी लावून न्यायचं आणि पाठ फिरवून उभं राहायचं. टक लावून बघितलं तर तो बसत नाही. तीन आठवडे लागले. अजूनही दारात अनोळखी गाडी आली की तो लिंबाकडेच पळतो. त्यामुळे पाहुणे येऊन गेले की पहिली नजर त्या आळ्यात.