आमची वाटचाल: एका कोटातली तीन माणसं

अमळनेर म्हटलं की बाहेरच्या माणसाला साने गुरुजी आठवतात, नाहीतर 1945 साली इथल्या तेलाच्या कारखान्यातून उभी राहिलेली विप्रो. आमच्या फोटो फ्रेमच्या दुकानाचं भांडवल त्या मानानं फारच बारीक होतं: एक करवत, काच कापायचा हिरा आणि लाकडी पट्टीचे दहा-बारा दांडे. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तिथं वडील विठ्ठल-रखुमाईच्या तसबिरी विकायला बसायचे. यात्रा उठली तरी लोक घरी शोधत यायला लागले, तेव्हा गाळा घेतला.

फ्रेमच्या धंद्यात निम्मं काम देवांचं आणि निम्मं मयतांचं. मयताचा फोटो दहाव्याच्या आत पाहिजे असतो आणि बहुतेक वेळा घरात धड फोटोच नसतो. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून म्हातारीचं डोकं उचलायचं, शेजारणीचा खांदा पुसायचा. हे काम आजही चालतं, फक्त ब्रशच्या जागी कॉम्प्युटर आला.

जुन्या फोटोंचा नाद लागला तो एका वाक्यामुळे. लोक घर पाडताना जुन्या फ्रेमा घेऊन येतात आणि सांगतात, "फ्रेम चांगली शे, फोटू फेकी द्या." आतल्या माणसाचं नाव विचारलं तर, "काय माहीत भो, आजाच्या टाइमचा." वडील फोटो फेकत नसत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकून देत. मी दुकानात बसायला लागलो तेव्हा असे चार डबे भरलेले होते.

सगळ्यात चांगला माल मात्र न सांगता येतो. लक्ष्मीच्या चित्रामागं पाठीला म्हणून घातलेला पुठ्ठा सोडवला की कधी कधी तो पुठ्ठा म्हणजेच फोटो निघतो. सव्वाचार बाय साडेसहा इंचांचं जाड कार्ड, त्यावर तपकिरी छाप. त्या काळी अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या पातळ कागदावर फोटो छापत. कागद सुटा ठेवला तर सुरळी व्हायचा, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवत. खाली सोनेरी अक्षरांत फोटोग्राफरचं नाव. बसलेल्या माणसाचं नाव कुठंच नाही. त्याला वाटलं असेल, मला कोण ओळखणार नाही?

असेच तीन फोटो आमच्याकडे वेगवेगळ्या वर्षी आले. एक पारोळ्याकडून, एक चोपड्याहून, तिसरा गावातूनच. तिन्हीत उभा माणूस, मागं पडद्यावर रंगवलेले खांब आणि जिना. एकदा टेबलावर शेजारी पडले तेव्हा बायको म्हणाली, "अहो, ह्याचं दुसरं बटण नाही. आणि ह्याचंही नाही." तिसऱ्याचंही नव्हतं. कोट एकच! स्टुडिओवाले कोट, घड्याळाची साखळी, जाडजूड पुस्तक असं सगळं गिऱ्हाइकासाठी ठेवत, हे ऐकून माहीत होतं. डोळ्यानं पाहिलं त्या दिवशी. एकाच्या बाह्या मनगटाच्या वर, दुसऱ्याच्या बोटांपर्यंत. तिसऱ्याला तेवढा बेतून शिवल्यासारखा बसला होता.

मी लगेच गोष्ट रचली: तिसरा म्हणजे इथल्या प्रताप कापड मिलमधला जॉबर, म्हणजे मुकादम, पगार झालाय, गावी फोटो पाठवायचाय. बायकोनं भिंग माझ्या हातात दिलं. "पाय बघा आधी." अनवाणी, बोटं फाकलेली, टाचेला भेगा. कोट स्टुडिओचा, पाय मात्र ज्याचे त्याचे. जन्मभर काळ्या जमिनीत चाललेला माणूस होता तो. तेव्हापासून आमच्याकडे रिवाज पडला, गोष्ट रचायची तर खालून वर यायचं. चेहरा शेवटी.

चाळीसगावला केकी मूस (1912–1989) यांचं घर आता संग्रहालय आहे. टेबलावर साध्या वस्तू मांडून ते सबंध देखावा उभा करायचे. ते फोटो पाहिल्यावर आमचा उद्योग अगदीच खुळा नाही असा धीर आला.

एक चूक मात्र सांगायलाच हवी. पावसाळ्यात दमट हवेनं नंतरच्या काळातल्या फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि माउंट, म्हणजे फोटो नि काच यांच्यात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, नसेल तर थेट काचेला चिकटतो. सुरुवातीच्या वर्षांत असा एक फोटो मी पाणी लावून सोडवायला गेलो. फोटो सुटला, चेहरा काचेवर राहिला. त्या बाईंकडे आईचा तेवढाच फोटो होता. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. काच मागून घेतली आणि रुमालात बांधून गेल्या. आता चिकटलेला फोटो आम्ही काचेसकट स्कॅन करतो, हात लावत नाही. आज निम्म्याहून अधिक उत्पन्न या दुरुस्तीचं आहे.

पाच वर्षांपूर्वी डब्यांतले काही फोटो मोठे करून दुकानात लावले. जाहिरात म्हणूनच. नऊवारीतल्या, मोठी नथ घातलेल्या एका बाईसमोर एक आजी थबकल्या. "हाई तं मनी मावशी शे!" म्हणजे, ही तर माझी मावशी. रडल्या, कॉपी घेऊन गेल्या. मी त्या बाईची बालविधवा नणंद आणि कापसाची वखार अशी लांबलचक गोष्ट रचून ठेवली होती, ती निमूट मिटवली. पुढच्या वर्षी धरणगावचं एक कुटुंब आलं. त्यांच्या मते ही त्यांची पणजी, पुराव्याला नथ. तशा नथी खानदेशात शेकड्यांनी असतील. दोघांनाही कॉपी दिली, कुणालाच खोटं पाडलं नाही. मूळ फोटोच्या मागं पेन्सिलीनं दोन्ही नावं आहेत, पुढं प्रश्नचिन्ह.

कोटवाल्यांना अजून कुणी विचारलेलं नाही. तिसरा, तो अनवाणी, गल्ल्याच्या वर सागवानी पट्टीत आहे. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं त्याच्याकडे बोट केलं. मी हातातला हिरा खाली ठेवला.

"ही पट्टी काय फुटानं?"

भाव सांगितला.