शिंद्यांचा सरदार, शांबेरीत

आज फ्रान्समधल्या शांबेरीत उतरलो आणि भर चौकात चार हत्ती! सोंडेतून पाणी, वर उंच खांब आणि खांबावर उभे जनरल द ब्वान्य. म्हणजे आपल्या इतिहासातले डी बॉयन! महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारे, १७९० मध्ये राजस्थानातल्या पाटण आणि मेडत्याच्या लढाया जिंकून देणारे. इथलेच ते. हिंदुस्थानात कमावलेल्या पैशातून त्यांनी गावाला भरभरून दिलं, म्हणून १८३८ मध्ये हे कारंजं. तेव्हा हे फ्रान्सही नव्हतं. सव्हॉय, म्हणजे हा इथला प्रांत, फ्रान्सकडे आला १८६० मध्ये.

हत्ती फक्त पुढच्या अर्ध्या अंगाचे, मागची बाजूच नाही. त्यामुळे गावकरी त्यांना म्हणतात ‘बिनढुंगणाचे चौघे’. मी एकटाच हसत उभा. पाटीलबाबांना, म्हणजे महादजींना, हे कुणीतरी सांगायला हवं होतं!