बुधवारचं हॉटेल

गुरुवारी रात्री मेसेज येतो : "शनिवार-रविवार तुमच्याकडे येतोय. जेवायला कुठे आणि बसायला कुठे, सांगून ठेव." 'तुमच्याकडे' म्हणजे शहरात, आमच्या घरी नव्हे. 'बसायला' म्हणजे काय, ते फोडून सांगायची गरज नाही.

असं कुणी विचारलं की माझी छाती दोन इंच फुगते. पूर्वी मी लगेच सात-आठ नावं पाठवायचो, प्रत्येकापुढे शेरा मारून. ही चाल तशी जुनीच. मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. गाड्या फिरल्या तर टायर झिजणार, हा साधा हिशेब. १९२६पासून तिच्यात चांगल्या जेवणाला तारे मिळू लागले. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं असं ठिकाण, तीन म्हणजे खास तेवढ्यासाठी प्रवास करावा असं. माझ्याही यादीत एक हॉटेल तीन ताऱ्यांचं होतं.

मावसभाऊ सहकुटुंब आला तेव्हा मी त्याला तिथेच धाडलं. आठ माणसं, त्यात मावशी आणि मावशीचे गुडघे. शनिवारी रात्री साडेआठला पोचले. सव्वा तास रस्त्यावर उभे. मग अरुंद जिना. मग चौघा-चौघांची दोन टेबलं, एक या टोकाला, एक त्या टोकाला. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला : "छान होतं हो. ऐकू काही आलं नाही, पण छान होतं."

मला हे पटेना. माझं हॉटेल असं नव्हतंच! म्हणून पुढच्या शनिवारी रात्री मुद्दाम गेलो, आणि जिन्यातच लक्षात आलं की शनिवारी मी इथे कधी आलेलोच नाही. मी जातो बुधवारी दुपारी, दोननंतर. खिडकीजवळचं टेबल रिकामं असतं, वेटर पाणी ठेवून निघून जातो, उठवायला कुणी येत नाही. आता त्या टेबलाला दुसरं टेबल चिकटवलं होतं. दोघांच्या उंचीत बोटभर फरक, आणि नेमका त्या सांध्यावर कुणाचा तरी ग्लास तिरका उभा. ओळखीच्या वेटरने माझ्याकडे पाहिलं, पण लग्नघरातली माणसं पाहतात तसं, पुढे सरकता सरकता.

त्याचा तरी काय दोष? टेबलं जोडता येतात, खुर्च्या वाढवता येतात, शेगड्या मात्र तेवढ्याच राहतात. बुधवारी जी गिऱ्हाइकं तीन तासांत विखरून येतात, ती शनिवारी साडेआठ ते नऊच्या दरम्यान एकदम दारात उभी. आवाजाचं तर विचारूच नका. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली नोंदवून ठेवलंय. एक टेबल चढलं की शेजारचं चढतं, आणि शेवटी समोरासमोर बसलेली माणसं एकमेकांना हातवारे करून मीठ मागतात.

म्हणजे शिफारस केली ती माझ्या बुधवारची, आणि ती पाठवली शनिवारच्या पत्त्यावर.

तेव्हापासून कुणी विचारलं की मीच उलट विचारतो. किती जण? कुणाचे गुडघे? पोरं किती वाजता पेंगतात? उभं राहायची तयारी किती वेळ? एक मित्र मला चौकशी आयोग म्हणतो, म्हणू दे. एवढं विचारून नावं देतो फक्त दोन, एकमेकांपासून चालत जाता येईल अशी, म्हणजे एक भरलेलं निघालं तर रात्र फुकट जात नाही. आणि सातला जा म्हणतो. सातला कुणी जातं का, असं तोंड होतं लोकांचं. पण तेव्हा स्वयंपाकघर ताजं असतं, वेटरला मान वर करून बोलायला सवड असते. 'आधी बसू, मग जेवू' म्हणणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, की बार उघडा दिसला म्हणजे स्वयंपाकघर चालू असतं असं नाही. जेवणाची शेवटची ऑर्डर बऱ्याच ठिकाणी आधीच घेऊन टाकतात. मग गप्पांत रमलेली मंडळी भुकेली उठतात आणि शेजारच्या हॉटेलात खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या दिसतात.

मध्यंतरी मावसभाऊ ऑफिसच्या कामाने एकटाच आला. वार बुधवार. मी त्याला त्याच जिन्यावरून वर नेलं. चढताना तो काही बोलला नाही, मीही नाही. खिडकीशी दीड तास बसलो. वेटरने दोनदा पाणी भरलं. निघताना भाऊ खुर्ची सरकवत म्हणाला, "आईला एकदा इथे आणायला पाहिजे."

"आणली होतीस," मी म्हटलं.